क्रमबद्ध मॅप कालबाह्य झाले आहेत का?

गोव्यातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांमध्ये आणि नुकतीच नोकरी लागलेल्या प्रोग्रामरांमध्ये सध्या एक संदेश पुन्हा पुन्हा पुढे पाठवला जात आहे. त्याचा सारांश असा: आजच्या सर्व आधुनिक प्रोग्रामिंग भाषांतील मॅप, म्हणजे ‘की’ (शोधण्याची खूण) आणि तिची ‘व्हॅल्यू’ (माहिती) अशा जोड्या साठवणारे संग्रह, घातलेल्या क्रमानेच नोंदी परत देतात, कोणीही चालवून पाहावे, क्रम बरोबरच येतो, ट्रीवर (फांद्या फुटत जाणाऱ्या रचनेवर) आधारलेले मॅप संथ असतात आणि क्रम हवाच असेल तर शेवटी एकदा सॉर्ट केले की भागते, पायथनमधील ऑर्डर्डडिक्ट हा क्रम राखणारा मॅप तर २०१८ पासून निरुपयोगी आहे, म्हणून जावा भाषेतील ट्रीमॅप, लिंक्डहॅशमॅप यांसारखे क्रम राखणारे क्लास मुलाखतीपुरते पाठ करावेत आणि नंतर विसरून जावेत. मी फोंड्यात ज्या मुलांना प्रोग्रामिंग शिकवतो, त्यांतील बहुतेकांचे प्राथमिक शिक्षण मराठी शाळेत झालेले आहे. त्यांना आपल्या भाषेत तांत्रिक मजकूर फार थोडा मिळतो आणि जो मिळतो त्यावर ती मनापासून विश्वास ठेवतात. म्हणूनच या संदेशातील एकेक विधान तपासणे मला गरजेचे वाटते.

‘सर्व आधुनिक भाषांत’ हे पहिलेच विधान चुकीचे आहे. पायथनच्या डिक्टला (तिथल्या साध्या मॅपला) घातलेल्या क्रमाची हमी ३.७ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून आहे. रूबीत ती १.९ पासून आहे, जावास्क्रिप्टच्या मॅपला २०१५ पासून आहे आणि कोटलिनमध्ये साधा बदलता येणारा मॅप मागितला तरी क्रम राखणाराच मॅप हाती येतो. इथपर्यंत संदेश बरोबर आहे. मात्र जावाचा नेहमीचा मॅप, हॅशमॅप, क्रमाबद्दल कोणतेही वचन देत नाही, सी-प्लस-प्लसचा अनऑर्डर्ड-मॅप तर आपल्या नावातच ते सांगतो आणि सी-शार्पच्या डिक्शनरीचा क्रम तिच्या दस्तऐवजानुसार अनिश्चित आहे. सी-शार्पच्या डिक्शनरीत नुसत्या नोंदी घालत गेलात तर क्रम टिकल्यासारखा दिसतो. पण एखादी नोंद काढून नवी घातली, की नवी नोंद रिकाम्या झालेल्या जागी बसते आणि यादीच्या मधोमध उमटते. जावाच्या कर्त्यांनी तर याहून पुढचे पाऊल टाकले. जावा ९ मध्ये आलेल्या ‘मॅप-ऑफ’ या पद्धतीने बनवलेल्या मॅपचा क्रम प्रोग्राम नव्याने सुरू केला की बदलू शकतो, आणि हे मुद्दाम केलेले आहे, जेणेकरून कोणी त्या क्रमावर विसंबून राहू नये.

दुसरे विधान, ‘चालवून पाहा, क्रम बरोबरच येतो’, हे मला सर्वांत घातक वाटते, कारण ते प्रयोगाच्या नावाखाली दिशाभूल करते. गोव्याच्या बारा तालुक्यांना १ ते १२ असे क्रमांक द्या, ते क्रमांक की म्हणून वापरा आणि जावाच्या साध्या हॅशमॅपमध्ये कोणत्याही क्रमाने भरा. छापताना ते १, २, ३ असे चढत्या क्रमानेच येतील, आणि विद्यार्थी समाधानाने म्हणेल की हॅशमॅप क्रम राखतो, इतकेच नव्हे तर सॉर्टही करतो. आता त्याच तालुक्यांना १०१ ते ११२ असे क्रमांक देऊन पाहा. छापताना पहिला क्रमांक ११२ येतो आणि त्यानंतर १०१ ते १११ येतात. कारण सोपे आहे. नव्या हॅशमॅपमध्ये पहिल्या भरणीला १६ कप्पे तयार होतात, लहान पूर्णांकाचा हॅश (कीवरून काढलेला आकडा, ज्यावरून तिची जागा ठरते) म्हणजे तो पूर्णांकच असतो आणि त्याला १६ ने भागून उरणारी बाकी हाच कप्प्याचा क्रमांक ठरतो. १०१ ची बाकी ५ आहे, १११ ची १५ आहे आणि ११२ ला १६ ने पूर्ण भाग जात असल्याने तो शून्याच्या कप्प्यात, म्हणजे सर्वांच्या पुढे जाऊन बसतो.

एवढ्यावर हे थांबत नाही. आता ११३ ही तेरावी नोंद घाला. कप्पे पाऊण भरले की, म्हणजे १६ पैकी १२ ची मर्यादा ओलांडली की, हॅशमॅप कप्प्यांची संख्या दुप्पट करतो. आता बाकी ३२ ने काढली जाते, त्यामुळे १०१ पाचव्या कप्प्यात राहतो, ११२ सोळाव्या कप्प्यात जातो आणि सगळी यादी पुन्हा चढत्या क्रमाने दिसू लागते. बारा नोंदींना चुकलेला क्रम तेराव्या नोंदीने आपोआप सुधारला, असा देखावा तयार होतो. ज्याने तेरा नोंदींवर प्रयोग केला तो शपथेवर सांगेल की क्रम बरोबर येतो, आणि त्याच प्रोग्राममध्ये एक नोंद भरतानाच वगळली गेली की छापील अहवाल बिघडेल. चालवून पाहिल्याने त्या वेळी काय झाले ते कळते; पुढच्या वेळी काय होईल याची हमी फक्त त्या क्लासच्या लिखित करारातून मिळते. जावात घातलेला क्रम हवा असेल तर लिंक्डहॅशमॅप तो करार २००२ सालापासून, म्हणजे १.४ या आवृत्तीपासून पाळत आलेला आहे. त्यात प्रत्येक नोंद आधीच्या आणि नंतरच्या नोंदीशी जोडलेली असते, त्यामुळे कप्पे कितीही बदलले तरी साखळी तशीच राहते.

जावास्क्रिप्टबाबत एक वेगळी सूचना आवश्यक आहे, कारण तिथे मॅप आणि साधा ऑब्जेक्ट (अशाच जोड्या ठेवणारा त्या भाषेचा मूळ प्रकार) यांची गल्लत होते. आपण ऑब्जेक्टमध्ये पिनकोड की म्हणून घातले, आधी मडगावचा ४०३६०१, मग पणजीचा ४०३००१ आणि शेवटी फोंड्याचा ४०३४०१, तरी ते छापताना पणजी, फोंडा, मडगाव असेच येतात. पूर्णांकासारख्या दिसणाऱ्या की ऑब्जेक्टमध्ये सर्वांत आधी आणि चढत्या क्रमाने येतात, बाकीच्या की त्यांच्यानंतर घातलेल्या क्रमाने येतात. (हेच पिनकोड देवनागरी अंकांत लिहिले तर भाषा त्यांना पूर्णांक मानत नाही, आणि मग घातलेला क्रम टिकतो.) शिवाय हा मजकूर जेसन या, माहितीच्या देवाणघेवाणीसाठी वापरल्या जाणाऱ्या स्वरूपात दुसऱ्या प्रणालीकडे पाठवला, तर क्रमाची हमी तिथे संपते. जेसनचे नियम ठरवणारा मानक दस्तऐवज, आरएफसी ८२५९, ऑब्जेक्टला क्रम नसलेला संग्रह म्हणते, आणि पोस्टग्रेस या डेटाबेसचा जेसनबी हा प्रकार कींचा मूळ क्रम जपत नाही. क्रम अर्थपूर्ण असेल तर तो जेसनच्या ॲरेमधूनच (क्रमवार यादीतूनच) पाठवावा.

तिसरे विधान असे की ट्री संथ आहे आणि शेवटी सॉर्ट केले की पुरे. यात एक अर्धसत्य आहे, ते मान्य करतो. एकच की शोधायची असेल तर हॅशमॅप बहुधा जलद असतो, आणि माहिती एकदाच भरून एकदाच छापायची असेल तर शेवटी सॉर्ट करणे हाच योग्य मार्ग आहे. पण जावाच्या ट्रीमॅपमागे रेड-ब्लॅक ट्री, म्हणजे आपोआप तोल राखणारा ट्री, आहे आणि १० लाख की असल्या तरी त्याची उंची, म्हणजे एक की शोधताना लागणाऱ्या पायऱ्या, ४० च्या वर जात नाही. त्यामुळे ‘संथ’ हा शब्द फार सैल वापरला गेला आहे. गंमत म्हणजे जावा ८ पासून हॅशमॅपच एखाद्या कप्प्यात फार गर्दी झाली की त्या कप्प्याचे रेड-ब्लॅक ट्रीमध्ये रूपांतर करतो.

खरा प्रश्न वेगाचा नाहीच. घातलेला क्रम आणि कीच्या किमतीनुसार लावलेला क्रम या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, आणि दुसऱ्या प्रकारच्या मॅपला जे प्रश्न विचारता येतात ते पहिल्याला विचारताच येत नाहीत. समजा, रायबंदर आणि चोडणच्या दरम्यान चालणाऱ्या फेरीबोटींचे वेळापत्रक आपण मॅपमध्ये ठेवले आहे. वेळ ही की आहे आणि बोटीचा तपशील ही व्हॅल्यू. धक्क्यावर उभा असलेला माणूस ‘१० वाजून २० मिनिटांची बोट आहे का’ असे विचारत नाही, तो ‘आता पुढची बोट कधी’ असे विचारतो. हॅशमॅपला नेमकी १०.२० ही की माहीत नसेल तर तो काहीच सांगू शकत नाही. ट्रीमॅपमध्ये सीलिंग-एन्ट्री ही पद्धत त्या वेळेची किंवा तिच्या लगेच नंतरची नोंद देते, फ्लोअर-एन्ट्री तीच किंवा लगेच आधीची देते, आणि सब-मॅपने सकाळी ७ ते ९ मधल्या सर्व बोटी एकत्र मिळतात. रात्री शेवटची बोट निघून गेल्यावर सीलिंग-एन्ट्री नल (‘काही नाही’ असे उत्तर) देते, आणि मग फर्स्ट-एन्ट्रीने दुसऱ्या दिवशीची पहिली बोट सांगायची. वेळापत्रक दिवसभर बदलत असेल, बोटी रद्द होत असतील, जादा सुटत असतील, तर प्रत्येक प्रश्नाआधी पूर्ण यादी सॉर्ट करणे हा वेळेचा निव्वळ अपव्यय आहे. सी-प्लस-प्लसच्या मॅपमध्ये हेच काम लोअर-बाउंड करते. पायथनच्या प्रमाण ग्रंथालयात (भाषेसोबत मिळणाऱ्या तयार कोडच्या संग्रहात) असा मॅप नाही, हे तिथे काम करणाऱ्याने लक्षात ठेवावे; बायसेक्ट मॉड्यूलने सॉर्ट केलेल्या यादीत जागा शोधता येते, पण मधे नोंद घालताना पुढच्या सर्व नोंदी सरकवाव्या लागतात.

सॉर्ट केलेला क्रम हवा असला तरी तो कोणाच्या नियमाने हवा, हे आपल्याला, मराठीत लिहिणाऱ्यांना, विशेष काळजीने ठरवावे लागते. गावांची नावे ट्रीमॅपमध्ये काहीही न सांगता घातली तर ती प्रत्येक अक्षराला संगणकासाठी दिलेल्या युनिकोड क्रमांकांनुसार लागतात, आणि युनिकोडमध्ये ‘ळ’ हे अक्षर ‘ल’ नंतर आणि ‘व’ च्या आधी आहे. त्यामुळे कळंगुट आधी आणि कवळे नंतर येते. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’ च्याही नंतर येतो, म्हणून मराठी यादीत कवळे आधी यायला हवे. यासाठी ट्रीमॅप तयार करतानाच त्याला मराठी वर्णक्रमाचा कम्पॅरेटर (तुलनेचा नियम) द्यावा लागतो. आयसीयू या युनिकोडविषयक ग्रंथालयातला मराठी कोलेटर (वर्णक्रमाने तुलना करणारा घटक) त्यासाठी वापरता येतो. येथे एक सावधगिरी हवी. ट्रीमॅप दोन की सारख्या आहेत की नाहीत हे ‘इक्वल्स’ या समानता तपासणाऱ्या पद्धतीला विचारत नाही, तो तुलनेला विचारतो. तुलनेचे उत्तर शून्य आले की त्याच्या दृष्टीने की एकच, आणि जुनी व्हॅल्यू पुसून नवी बसते. जावाच्या बिगडेसिमल या दशांश संख्यांच्या प्रकारात २.० आणि २.०० ‘इक्वल्स’ नुसार वेगळे आहेत पण तुलनेनुसार समान आहेत. म्हणून हॅशमॅपमध्ये त्यांच्या दोन नोंदी होतात आणि ट्रीमॅपमध्ये एकच. बारीक फरक दुर्लक्षित करणारा कोलेटर दिला तर दोन वेगळ्या गावांची नोंदही अशीच एक होऊ शकते.

ऑर्डर्डडिक्ट निरुपयोगी झाला, या विधानाला फार वेळ देण्याची गरज नाही. दोन साध्या डिक्टची तुलना करताना पायथन क्रम पाहत नाही. दोन ऑर्डर्डडिक्टची तुलना करताना पाहतो. जिथे क्रम हा माहितीचाच भाग आहे तिथे हा फरक निर्णायक ठरतो. एखादी की टोकाला नेण्याची सोय आणि सर्वांत जुनी नोंद काढून टाकण्याची सोय त्यात थेट आहे, त्यामुळे मर्यादित आकाराचा कॅशे (वारंवार लागणारी माहिती हाताशी ठेवणारा साठा) लिहिताना तो आजही उपयोगी पडतो. साध्या डिक्टमधून पुढच्या टोकाच्या नोंदी सतत काढत राहिलात तर काढलेल्या जागांचे रिकामे खण मागे उरतात आणि पहिली नोंद शोधण्यासाठी ते ओलांडत जावे लागते. जावात हेच काम लिंक्डहॅशमॅपला वापराचा क्रम राखायला सांगून आणि ‘रिमूव्ह-एल्डेस्ट-एन्ट्री’ ही पद्धत ओव्हरराइड करून (तिच्या जागी आपली पद्धत लिहून) होते.

शेवटचा सल्ला, हे क्लास मुलाखतीपुरते पाठ करा, हा तर वस्तुस्थितीच्या अगदी उलट आहे. जावा २१ मध्ये, सप्टेंबर २०२३ मध्ये, सीक्वेन्स्डमॅप हा नवा इंटरफेस (क्लासने पाळायचा करार) आला, कारण लिंक्डहॅशमॅप आणि ट्रीमॅप या दोघांनाही क्रम असूनही ते सांगणारा सामाईक प्रकार तोपर्यंत नव्हता. सी-शार्प ज्यावर चालते त्या डॉटनेटच्या ९ व्या आवृत्तीत, नोव्हेंबर २०२४ मध्ये, जेनेरिक ऑर्डर्डडिक्शनरी आली. या प्रकारांतही भेद जपलेला आहे: सीक्वेन्स्डमॅपमध्ये पहिल्या स्थानी नोंद घालण्याची पद्धत आहे, लिंक्डहॅशमॅप ती पाळतो, पण ट्रीमॅप ती नाकारून अपवाद फेकतो (चूक झाल्याचे कळवून थांबतो), कारण तिथे स्थान की ठरवते, आपण नाही. म्हणून वस्तुनिष्ठ (ऑब्जेक्ट-ओरिएंटेड) पद्धतीने लिहिणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगतो की पद्धतीच्या परतीच्या प्रकारात नुसता ‘मॅप’ लिहू नका. क्रम महत्त्वाचा नसेल तरच मॅप लिहा, ठरलेला क्रम हवा असेल तर सीक्वेन्स्डमॅप आणि पुढची-मागची नोंद विचारायची असेल तर नॅव्हिगेबलमॅप (ट्रीमॅप पाळतो तो इंटरफेस) लिहा. फेरीबोटींचे वेळापत्रक देणारी पद्धत नॅव्हिगेबलमॅप परत करते असे लिहिलेले असेल, तर पुढे कोणी वेगाच्या मोहाने तिथे हॅशमॅप ठेवू लागला तरी त्याचा कोड कम्पाइलच होणार नाही.