उत्तर कोणीकडं?

मराठीत 'ते उत्तर' वेगळं आणि 'ती उत्तर' वेगळी. ते गाईडात सापडतं, ती कुठंच सापडत नाही. प्राथमिक शाळेत भूगोल (हल्ली त्याला परिसर अभ्यास म्हणायचं) शिकवणाऱ्या आम्हा मंडळींची निम्मी नोकरी या दुसरीच्या शोधात जाते. "उत्तर कुठाय रे?" म्हटलं की तीस हात एकदम वर जातात. नव्या गुरुजींना वाटतं, वा, सगळ्यांना येतंय! प्रत्यक्षात ते हात उत्तर देण्यासाठी वर गेलेले नसतात, उत्तर दाखवत असतात. भिंतीवरच्या नकाशात उत्तर वर, म्हणून वर्गातही ती वरच, पत्र्याला, पंख्याच्या हुकाशेजारी. दक्षिण अर्थातच फरशीखाली.

यावर रामबाण म्हणून सांगितला जाणारा उपाय असा: उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभे राहा, डावीकडे उत्तर, उजवीकडे दक्षिण, पाठीमागे पश्चिम. उपाय चांगला आहे, फक्त तो अमलात आणायला सूर्य उगवता लागतो. शाळा भरते दहाला. जूनमध्ये दहा वाजता सूर्य अर्ध्याहून जास्त चढलेला असतो. त्याच्याकडे तोंड करायचं म्हणजे मान मागं टाकायची, डोळे मिटायचे आणि शिंकायचं. तीसपैकी दहाजण तरी शिंकतात.

शिवाय शाळा उघडते जूनच्या मध्याला. नेमका त्याच महिन्यात सूर्य पूर्वेला उगवत नाही. मराठवाड्यातून पाहिलं तर 21 जूनच्या आसपास तो पूर्वेच्या 25 अंश उत्तरेला उगवतो. हात लांब करून वीत ताणली की साधारण 20 अंश भरतात. म्हणजे सव्वा वीत चूक. डिसेंबरात तेवढाच दक्षिणेकडं सरकतो. धड पूर्वेला उगवतो तो 21 मार्च आणि 23 सप्टेंबरच्या सुमारास. यांतली पहिली तारीख परीक्षेच्या धांदलीत जाते. म्हणून माझं मत विचाराल तर दिशांचा पाठ घ्यावा 17 सप्टेंबरला. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंड्याला पोरं इस्त्रीचे कपडे घालून सकाळीच हजर असतात, सूर्य समोर आणि खाली असतो आणि साडेसातला चूक चार-पाच अंशांपलीकडं जात नाही. राष्ट्रगीत झालं की खाऊ वाटायच्या आत उरकून घ्यावं. खाऊनंतर चारही दिशांना पोरं असतात.

आणखी एक खोच. गुरुजी वर्गाकडं तोंड करून "डावा हात वर" म्हणतात आणि स्वतःचा डावा वर करतात. पोरं आरशासारखी उजवा वर करतात. गुरुजींनी वर्गाकडं पाठ केली की दिशा बरोबर येतात, पण वर्ग हातचा जातो. तिसरा मार्ग नाही.

यापेक्षा काठी बरी. एक मीटरची सरळ काठी घ्यायची, कपाशीची पळाटी नको, ती वाकडी असते. मैदानात ओळंब्यानं उभी रोवायची. बुडाला सुतळी बांधून 30 सेंमी त्रिज्येचं वर्तुळ आखायचं. सावलीचं टोक आत शिरताना वर्तुळाला जिथं शिवतं तिथं एक खूण, दुपारी बाहेर पडताना शिवतं तिथं दुसरी. दोन्ही जोडल्या की पूर्व-पश्चिम रेघ तयार. सकाळची खूण पश्चिमेकडची. जूनमध्ये परभणीला पहिली खूण सव्वाअकराच्या सुमारास येते आणि दुसरी दीड वाजून गेल्यावर. या दोन खुणांच्या मधोमध खिचडीची सुट्टी येते. पहिली खूण खडूची असेल तर ती चपलांखाली जाते, दगडाची असेल तर गोट्यांच्या डावात जाते, चुन्याची असेल तर शेळी चाटते. सहा इंची खिळा पूर्ण ठोकणं हाच त्यातल्या त्यात टिकाऊ बंदोबस्त.

त्यात कुणीतरी हुशार पोरगी विचारते, "सर, पुस्तकात तर दुपारची सावली उत्तरेला पडते म्हणलंय, ही उलटी का पडली?" पोरगी बरोबर असते. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला. मे महिन्याच्या मध्यापासून जुलैअखेरीपर्यंत माध्यान्हीचा सूर्य आपल्या डोक्याच्या जरा उत्तरेला असतो, म्हणून सावली दक्षिणेला पडते. 21 जूनला मीटरभर काठीची परभणीत फक्त 7 सेंमी, दक्षिणेला. 22 डिसेंबरला तीच काठी 92 सेंमी सावली उत्तरेला टाकते. आणि माध्यान्ह म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत. आपलं घड्याळ चालतं 82.5 अंश रेखांशावर, परभणी पावणेसत्त्याहत्तरच्या आसपास. दर अंशाला 4 मिनिटं, म्हणजे आपली माध्यान्ह 23 मिनिटं उशिरा. हे चौथीला सांगू नये. मी सांगत आलोय, आणि दर वर्षी एखादं पोरगं उशिरा येऊन "सर, परभणीचा टाइम" म्हणतं.

सूर्य असा डोक्याच्या उत्तरेला जाताना मेमध्ये एकदा आणि परतताना जुलैअखेरीला एकदा, भर माध्यान्ही काठीची सावली पूर्ण गायब होते. मेमध्ये शाळेला सुट्टी. जुलैत आभाळ. पेरण्या खोळंबल्या असोत, थेंब न पडो, त्या दिवशी ढग मात्र हटकून येतात.

होकायंत्रानं हे सगळं वाचेल असं वाटतं. पण ते लोखंडी टेबलावर ठेवलं की उत्तर टेबलाच्या पायाकडं जाते. काळ्या दगडाच्या ओट्यावरही नको, आपल्या बेसाल्टात मॅग्नेटाइट असतं आणि सुई त्याच्या नादी लागू शकते. लाकडी पाटावर ठेवा, खिशातला मोबाइल लांब ठेवा.

उत्तर एकदा सापडली की भिंतीवरचा नकाशा खाली उतरवा आणि रेघेला जुळवून जमिनीवर अंथरा. पत्र्यातली उत्तर तिथंच खाली येते. नकाशा मात्र आधी बघून घ्या. हिंगोली नसेल तर तो 1 मे 1999 च्या आधीचा, जालना आणि लातूर नसतील तर त्याला वस्तुसंग्रहालयात द्या. आणि झेरॉक्सवाल्याकडून मोठा करून आणलात तर '1 सेंमी = 10 किमी' ही ओळ खोटी ठरते. खाली पट्टीसारखं रेघेचं प्रमाण असेल तर तेच धरा. नकाशा ताणला की ती पट्टीही सोबत ताणली जाते.

गोल पृथ्वी सपाट कागदावर का मावत नाही, यासाठी जालन्याची मोसंबी घ्यावी. स्केचपेननं विषुववृत्त काढायचं, अंदाजे खंड काढायचे, मग देठापासून बुडापर्यंत आठ चिरा. इथं गफलत होते. मोसंबीची साल गराला घट्ट चिकटलेली असते, ओढली की आफ्रिका फाटते. संत्र्याची साल सुटसुटीत निघते, पण ते पडलं नागपूरकडचं. चमच्याची दांडी सालीखाली सरकवत गेलं तर मोसंबीचीही निघते. आठ फाका कागदावर चेपून बसवल्या की ध्रुवांकडं मोठ्या फटी राहतात. त्या फटी बुजवायला नकाशावाले काय करतात? वरचा भाग आडवा ताणतात. काही नकाशांत तर उभाही ताणतात, म्हणून ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं. खरं पाहता आफ्रिका त्याच्या चौदापट. हे सगळं सांगून होईपर्यंत उरलेली पृथ्वी मागच्या बाकावर खाऊन झालेली असते. दोन मोसंब्या आणाव्यात.

नद्यांचं प्रकरण नाजूक आहे. पैठणवरून कोणती नदी वाहते? पोरगं लिहितं, गंगा. आपण लाल फुली मारतो. दुसऱ्या दिवशी आजी शाळेत. गोदाकाठी पिढ्यान्‌पिढ्या गोदावरीला गंगाच म्हणतात, काठच्या मुलखाला गंगथडी म्हणतात, आणि आजीनं आयुष्यभर आंघोळ केलेल्या नदीचं नाव तिला आपण सांगायचं? मी फुली खोडतो आणि शेजारी 'गोदावरी असेही म्हणतात' असं लिहितो.

सहामाहीच्या पेपरात एक प्रश्न ठरलेला असतो: सूर्य कोणत्या दिशेला उगवतो? पंचवीसजण 'पूर्व' लिहितात, चारजण त्यांचं बघून लिहितात. उरलेला एक लिहितो, 'आधी मारुतीच्या देवळामागून उगवायचा, आता पाण्याच्या टाकीकडून उगवतो.' गुण एकच असतो, आणि तो मी यालाच देतो.