आंबा बंद, गुळाचा चहा चालू

मे महिन्यात बेळगावजवळच्या खानापूरला घरी होते. जेवणं झाल्यावर आईनं हापूस कापून ताटली पुढं केली, तर बाबांनी ती तशीच मागं सारली. "मला शुगर आहे की. आंबा बंद केलाय." दुपारी चारला तेच बाबा दोन कप गुळाचा चहा प्यायले, सोबत 'शुगरवाल्यांना चालतात' म्हणून आणलेली चार बिस्किटं. मी बोलले तर म्हणाले, "गूळ आहे तो, साखर नव्हे." आई वैतागली, "अगं, मग आम्ही खाऊचं तरी काय?"

आईच्या त्या प्रश्नासाठी लिहायला बसलेय. अकरा वर्षं मी इंग्लंडमध्ये, लेस्टरला राहते. डॉक्टर नाही मी. दोन मुलांचे डबे भरते आणि मधुमेही बापाची लेक आहे. आपल्याकडं फळांवर मोठा अन्याय होतोय, असं मला मनापासून वाटतं.

बेळगावात, खानापुरात ज्या ज्या घरी गेले तिथं हाच हिशेब. केळं बंद, चिकू बंद, द्राक्षांचं तर नावच नको. पण पाव्हणे आले की कुंदा आणि गोकाकचा करदंट ही मिठाई पुढं येते, आणि 'गुळाचा आहे, डिंक आहे, पौष्टिक' म्हणून सगळे निर्धास्त. फोनवर फिरणाऱ्या निरोपांत कुणी फळातल्या साखरेला विष ठरवतो, तर कुणी निसर्गाचं आहे म्हणून मध, गूळ, खजूर हवा तेवढा खा म्हणून सांगतो. साखर कुठून आली एवढंच दोघं बघतात. ती कशात बसलीय, हे कुणी विचारत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये साखरेबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, त्या 'मोकळ्या' साखरेबद्दल आहेत. वरून घातलेली साखर त्यात येते, मग ती गुळाच्या रूपात का असेना. मध, पाक आणि फळांचा रसही येतो. अख्खं ताजं फळ येत नाही. मोकळी साखर दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी, जमल्यास ५ टक्क्यांच्या आत, म्हणजे मोठ्या माणसाला साधारण २५ ग्रॅम, सहा चमचे. बाबांच्या दोन कप चहातच त्यातले तीन-चार संपत होते.

१०० ग्रॅम पेरूत साखर साधारण ९ ग्रॅम आणि चोथा ५ ग्रॅम. चावून खाल्ला की पेशींत अडकलेली ती साखर रक्तात सावकाश उतरते, शिवाय एका पेरूनं पोटाला आधार होतो. तेच ज्यूस सेंटरवर उभं राहून बघा. तीन-चार मोसंबी यंत्रात जातात, चोथा बादलीत पडतो, वर चमचाभर साखर, आणि ग्लास दोन मिनिटांत रिकामा. चार मोसंबी एका बैठकीत सोलून कोण खातं? ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०१३ साली एक मोठा अभ्यास आला, अमेरिकेतल्या १ लाख ८० हजारांहून जास्त लोकांचा. अख्खी फळं, त्यातही ब्लूबेरी, द्राक्षं, सफरचंद खाणाऱ्यांत टाइप २ मधुमेहाचं प्रमाण कमी दिसलं. रोज रस पिणाऱ्यांत ते जास्त होतं. बेदाण्याचंही लक्षात ठेवायला हवं. अथणीकडं चार किलो द्राक्षं वाळवली की किलोभर बेदाणा होतो. पाणी उडून जातं, साखर तेवढीच राहते.

मधुमेह्यानं टोपलीभर आंबे खावेत असं मी म्हणत नाही. आंब्याच्या दोन फोडी, त्याही जेवणावर नकोत, चार वाजता बिस्किटांच्या जागी, सोबत मूठभर शेंगदाणे. दोन तासांनी घरच्या मीटरवर रक्तातली साखर बघायची आणि तो आकडा डॉक्टरांना दाखवायचा. किडनीचा त्रास असेल तर केळ्यातल्या पोटॅशियमचा हिशेब वेगळा, तो डॉक्टरांनाच विचारावा.

परदेशात सगळं शहाणपण आहे असंही नाही. इंग्लंडमध्ये सरकारी प्राथमिक शाळांत चार ते सहा वर्षांच्या मुलांना शाळेच्या दिवशी रोज एक फळ किंवा भाजी फुकट मिळते. माझी धाकटी कधी सफरचंद, कधी गाजर खाऊन येते. पाळणाघरात द्राक्षं उभी चिरून देतात, घशात अडकू नयेत म्हणून. हे बघून बरं वाटतं. पण दुकानात त्याच मुलांसाठी फळांच्या गराच्या पिशव्या आणि चिकट पट्ट्या टांगलेल्या असतात, वर ठळक अक्षरांत 'साखर घातलेली नाही'. गर वाटून आटवला की आतली साखर मोकळी होतेच. २०१८ मध्ये इथं शीतपेयांवर साखरेचा कर बसला, त्यातून शुद्ध रस वगळला. पाकिटावर साखरेचा एकूण आकडा लिहितात, त्यातली मोकळी किती ते कळत नाही. मोठ्याच्या डब्यात मी दोन वर्षं त्या पिशव्या भरल्या. त्याच्या दाढा किडल्या तेव्हा दातांच्या डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "मधल्या वेळेला काय खातो?" मी अभिमानानं सांगितलं, फळं.

त्या मानानं भारतात हालचाल आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०२४ मध्ये खोक्यातल्या रसावरचा '१०० टक्के फळांचा रस' हा दावा काढायला लावला. २०२५ मध्ये सीबीएसई या केंद्रीय मंडळानं आपल्या शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावायला सांगितलं. पण सीमाभागातली आपली मराठी पोरं बहुतेक कर्नाटक राज्याच्या शाळांत. तिथं दुपारच्या जेवणाबरोबर अंडं मिळतं, अंडं न खाणाऱ्यांना केळं किंवा चिक्की मिळायची. त्यातली चिक्की २०२५ मध्ये बंद झाली, साखर आणि स्निग्धांश जास्त म्हणून. साखर गेली ते ठीक, पण शेंगदाणाही गेला. उकडलेल्या शेंगा का देऊ नयेत? बेळगाव तालुक्यात रताळी पिकतात, तीही उकडून देता येतील.

मामांचा दोन एकर ऊस आहे. त्यांच्यापुढं हे बोलले तर म्हणाले, "साखर वाईट म्हणतीस, मग आम्ही पिकवूचं काय?" उसाच्या दरासाठी रस्त्यावर बसणाऱ्या माणसाला त्याचं सोपं उत्तर माझ्याकडं नाही. बांधावर चार पेरू लावा एवढंच मी म्हणाले, ते अपुरं आहे हे मलाही कळतं.

निघायच्या आदल्या दिवशी बाबांना घेऊन जांबोटीच्या रस्त्यानं गेले. वळणावर एक बाई करवंदं विकत बसली होती, पानांच्या द्रोणात, वर थोडा चीक लागलेली काळी करवंदं. द्रोण वीस रुपये. लेस्टरला मूठभर ब्लूबेरीच्या डबीला मी दोन पौंड मोजते, दोनशेहून जास्त रुपये. बाबांनी आधी हात मागं घेतला. मग एक खाल्लं, मग सहा-सात. बिया थुंकत त्यांनी बाईंना विचारलं, जांभळं आली काय?

"अजून पंधरा दिस हायत, काका."