ऋषीचं कूळ आणि बुवांची उधारी

एखाद्या गवयाची बाजू घेऊन रसिक म्हणून मिरवायचं, तर आधी बुवा नीट निवडा. गाजलेला गवई या कामाचा नाही, त्याची बाजू घ्यायला शंभर जण आधीच बाह्या सरसावून उभे असतात. तुम्हाला हवा तो उपेक्षित. नाव काढल्यावर समोरच्यानं ‘कोण?’ असं विचारलं पाहिजे. मग आपण खेदानं मान हलवायची आणि ‘राहू दे’ म्हणून मिसळीत कट वाढवून घ्यायचा.

कोल्हापुरात हे जड जात नाही. शाहू महाराजांनी थोर गवई अल्लादियाखाँसाहेबांना दरबारी ठेवलं होतं, देवल क्लब ही गाण्याची संस्था 1883 पासून आहे, तेव्हा गाण्याचे कान आपल्याला सातबाऱ्यावर चढूनच मिळालेत, असं धरून चालायचं.

पुढं उपेक्षेचं कारण. ‘पुण्या-मुंबईच्या लोकांनी त्यांना वर येऊ दिलं नाही’ हे एक वाक्य पुरतं. बुवा बिदागी आगाऊ घेऊन मैफलीला जात नसत, हेही एक कारण असू शकेल, अशी शंका आलीच तर चहा मागवा.

बुवांचे तबलजी अजून पेठेत शिकवण्या करतात. त्यांच्याकडं जरूर जा, रसिकानं जावंच. चार मैफलींचे पैसे राहिलेत, हे ते आपणहून सांगणार नाहीत. खोदून विचारलंत तर ‘देतो म्हणले हुते’ एवढंच बोलतील आणि हातोडीनं तबल्याचा गट्टा ठोकत राहतील. अशा वेळी भारावून म्हणायचं, ‘पण त्यांच्याबरोबर वाजवायला मिळालं की तुम्हाला!’ ते ‘व्हय, मिळालं की’ म्हणतात आणि गट्ट्याला आणखी एक ठोका देतात. याला कृतज्ञता समजावं.

बुवांकडं शिकणाऱ्या एका मुलीनं मधेच गाणं सोडलं. का सोडलं ते ती सांगायला तयार आहे, म्हणून तिला विचारायचं नाही.

वाद निघालाच तर गाण्यातली मोठी नावं जवळ असू द्या. ‘केसरबाई काय कमी कडक होत्या?’ असं विचारलं की लोक गप्प होतात. केसरबाई कडक होत्या आणि बुवांनी पैसे बुडवले, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कुणाच्या ध्यानात यायच्या आत विषय इटलीकडं न्यावा. तिथल्या जेसुआल्दो नावाच्या राजपुत्रानं 1590 मध्ये बायकोचा आणि तिच्या प्रियकराचा खून केला, आणि त्याच्या रचना लोक आजही गातात. म्हणजे चारशे वर्षं दम धरला की खूनसुद्धा पचतो, तबलजींच्या चार मैफलींचं काय घेऊन बसलात! (जेसुआल्दो ऐकलेला असण्याची गरज नाही. मी थोडा ऐकला, झोप लागली.) एवढ्यानंही भागलं नाही तर नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ आहेच. ऋषी उधारी ठेवत होते का, हे आजवर कुणी विचारलेलं नाही.

शेवटची अडचण कॅसेटची. वाड्यातल्या मैफलीत टेपरेकॉर्डर ठेवून भरलेली जौनपुरी, बुवांचं याहून चांगलं गाणं मी ऐकलेलं नाही आणि हे मी थट्टेनं म्हणत नाही. कोमल धैवतावर ते असे काही रेंगाळतात की पंख्याची घरघरसुद्धा सुरात वाटायला लागते. चौदाव्या मिनिटाला मात्र तबलजींना आईवरून शिवी आहे. स्वच्छ, खणखणीत, तीही सुरात.

मुलाला सांगून कॉम्प्युटरवर तेवढा तुकडा कापून बघितला. पण शिवी समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, लागून आहे. ती कापली की सम जाते आणि पुढची तान हवेत लोंबकळते. परत जोडून घेतली.

तेव्हा उपाय एकच. पाहुण्यांना ऐकवताना तेरा मिनिटं पन्नास सेकंद झाले की खोकायला सुरुवात करायची. शिवीनंतर रसिकांत हशा पिकतो आणि त्यातला सगळ्यात पुढचा आवाज ओळखीचा आहे. म्हणून खोकला जरा लांबवायचा.