बारा माणसे, चौदा दिवस

काल रात्री अकरा चाळीसला मेल आला. अष्टा-चंग-पे या कवड्यांच्या खेळावर मी केलेल्या मोबाइल गेमला गूगल प्लेच्या दुकानात जागा मिळणार नाही, कारण चाचणीच्या चौदा दिवसांत माझ्या टेस्टरांनी, म्हणजे गेम आधी वापरून पाहणाऱ्यांनी, तो पुरेसा वापरला नाही. पुरेसा म्हणजे किती, कोणी वापरला नाही, कोणत्या दिवशी वापरला नाही, यांपैकी कशाचाही उल्लेख नाही. आणखी चौदा दिवस चाचणी चालू ठेवावी असा सल्ला, मग पुन्हा अर्ज करावा अशी सूचना, आणि शेवटी गेम त्यांच्याकडे आणल्याबद्दल माझे आभार. आभाराचे ते वाक्य वाचून मी लॅपटॉप इतक्या जोराने मिटला की शेजारच्या खोलीतून आईने काय पडले म्हणून विचारले.

आता यावर कोणी मला नियम समजावायला येऊ नये. नियम मला तोंडपाठ आहेत. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला गेम दुकानात ठेवण्यापूर्वीच्या चाचणीसाठी आधी २० टेस्टर लागत होते, डिसेंबर २०२४ मध्ये ते १२ वर आणले, आणि तेव्हापासून जो तो मला ‘बाराच तर हवेत’ असे ऐकवतो. बाराच! पुण्यात साखरपुड्याला दीडशे माणसे सहज जमतात. पण दिलेली लिंक उघडून, ज्या ईमेलची नोंद केली आहे त्याच खात्याने आत जाऊन, टेस्टर होण्याचे बटण दाबून, मग गेम उतरवून घेणारी बारा माणसे जमवायला मला सतरा दिवस लागले. निम्म्या भावंडांकडे आयफोन. हिंजवडीच्या ऑफिसातल्या ज्या मंडळींनी ‘लिंक टाक, लगेच करतो’ असे म्हटले, त्यांच्या निळ्या खुणा पाहून मी समाधान मानले. एकाने भलत्याच ईमेलने लिंक उघडली आणि गेम सापडत नाही म्हणून ग्रुपवर माझ्याच नावाने बोंब मारली. दुसऱ्याने नोटिफिकेशन बंद होतील असे समजून नवव्या दिवशी चाचणीतून बाहेर पडण्याचे बटण दाबले. दोन राखीव गडी आधीच घेऊन ठेवले होते म्हणून निभावले. एवढे झाल्यावर अर्जातला प्रश्न असा, की टेस्टर मिळवणे तुम्हाला किती सोपे गेले? मी खरे उत्तर दिले. तेच भोवले असावे.

आणि वापरला नाही हे तर साफ खोटे आहे. दहाव्या दिवशी, रविवारी, मी नारायण पेठेत आत्याकडे गेले. दार उघडेच होते. आत्या आणि तिच्या दोन मैत्रिणी हॉलमध्ये फरशीवर बसल्या होत्या, मध्ये खडूने पाच बाय पाचचा पट आखलेला, फुल्यांची घरे ठसठशीत, सोंगट्या म्हणून तुरीचे दाणे, बांगड्यांचे तुकडे आणि शर्टाची बटणे. आणि ज्यात माझा गेम होता तो फोन फ्रिजवर चार्जिंगला, तोही आवाज बंद करून. तुळशीबागेतून आणलेल्या चार कवड्या रात्री दोन वाजता स्वयंपाकघराच्या ओट्यावर पुन्हा पुन्हा टाकून मी जो आवाज रेकॉर्ड केला होता, तो या बाईने बंद केला होता. ‘अगं, तुझ्या गेममुळेच तर आठवण झाली,’ आत्या म्हणाली, ‘पण फोनवर तिघींना एकदम नीट दिसत नाही, आणि तुझी सोंगटी आत गेली की चुकीच्या बाजूने फिरते.’ बाहेरच्या सोळा घरांत घड्याळाच्या उलट, आतल्या आठ घरांत घड्याळाप्रमाणे. हे मला लहानपणी याच बाईने शिकवले होते, आणि मी आतही तीच दिशा चालू ठेवली होती. दीड तास त्या तिघी तावातावाने भांडत खेळल्या. दुकानाच्या मोजणीत त्या दिवशी आत्याचा वापर शून्य.

मामांचा अभिप्राय असा, की आठ पडतच नाहीत, कॉम्प्युटर खोटे खेळतो. चारही कवड्या पालथ्या पडून आठ मिळण्याची शक्यता सोळांत एक असते हे मी त्यांना कागदावर मांडून दाखवले, तर ते म्हणाले की आमच्या कवड्यांना पडायचे. (त्यांचे बरोबर आहे. खरी कवडी दोन्ही बाजूंनी सारखी पडत नाही. पण हे मी त्यांना सांगणार नाही.)

मुळात मी इथवर आले हेच नवल आहे. गेम बनवायच्या ज्या सॉफ्टवेअरमध्ये मी सुरुवात केली, त्या युनिटीत ‘विजय’ या शब्दाची वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसायची आणि जोडाक्षरांची शकले व्हायची. ते कसेबसे जुळवले, तोच सप्टेंबर २०२३ मध्ये त्या कंपनीने प्रत्येक इन्स्टॉलमागे पैसे घेण्याचे जाहीर केले. मी घाबरून सगळे गोडो या दुसऱ्या, फुकट सॉफ्टवेअरमध्ये नव्याने लिहिले, आणि वर्षभराने युनिटीने ते शुल्क रद्द केले. मग दुकानाचे फॉर्म: छोट्या वर्णनाला ८० अक्षरे, आणि त्यात काना, मात्रा, अनुस्वार सगळे सुटे मोजायचे, म्हणजे मराठीत लिहिणाऱ्याने तोंड उघडताच जागा संपावी. मग वयोगटाच्या प्रश्नावलीत जुगाराबद्दल विचारणा, जी कवड्यांच्या धास्तीने मी तीनदा वाचली. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा झाल्यापासून तळमजल्यावरचे काका मला जिन्यात गाठून ‘तुमचे ते बंद झाले ना?’ असे विचारतात. माझ्या गेममध्ये पैसे लावायची सोय नाही. कमवायचीही नाही. आणि जे लोक ‘गेमबिम’ असा शब्द वापरतात त्यांच्याशी मी यापुढे बोलणार नाही, हेही इथेच सांगून टाकते.

हा सगळा राग मी काल रात्री एकच्या सुमारास औंधच्या एका मैत्रिणीला मेसेजमध्ये लिहीत होते. तीही माझ्यासारखीच ऑफिस सांभाळून रात्री शब्दकोड्यांचा गेम करते. लिहिता लिहिता आठवले की तिच्या चाचणीत मीसुद्धा टेस्टर आहे. फोनमध्ये शोधले तर आयकॉन चौथ्या पानावर होता, एकदाही न उघडलेला, आणि तिला मात्र मी गेल्याच आठवड्यात ‘भारी झालाय गं’ असे कळवले होते. तिचा चौदावा दिवस परवाच संपला. तिलाही कालच मेल आला असेल का, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. लिहिलेला मेसेज पुसून टाकला, तिचा गेम उघडला आणि तिसऱ्या कोड्यावर अडकले ते पावणेदोनपर्यंत.

आज पहाटे आतल्या फेरीची दिशा बदलली. कोडमध्ये एक उणे चिन्ह, बाकी काही नाही. गेमची नवीन आवृत्ती चढवली, चौदाही जणांना निरोप पाठवला की पुन्हा पहिल्यापासून, कृपया रोज निदान एक डाव फोनवर खेळावा. सकाळी साडेनऊपर्यंत तीन अंगठे आले. आत्याने फरशीवरच्या पटाचा फोटो पाठवला आणि खाली लिहिले: ‘आधी हा डाव संपू दे.’