पिंपल्सवरचा '२१ दिवसांचा' मेसेज: कुठे चुकतो आणि कुठे थोडा बरोबर आहे

पुण्यातल्या सोसायट्यांच्या, कॉलेजांच्या आणि अभ्यासिकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर पिंपल्सचा एक मेसेज फिरत असतो. शब्द बदलतात, मजकूर साधारण तोच. पिंपल्स म्हणजे पोटातली उष्णता आणि रक्तातली घाण. तळलेलं, तिखट, आंबा, चॉकलेट बंद करा. आठवड्याला दोन उपास करा. दिवसातून पाच वेळा साबणाने तोंड धुवा. रात्री लिंबू आणि खायचा सोडा लावा. बायोटिन आणि झिंकच्या गोळ्या घ्या. केमिकलवाली क्रीमं फेकून द्या. २१ दिवसांत चेहरा काचेसारखा.

"२१ दिवसांत"

शेवटच्या आकड्यापासून सुरुवात करू, कारण बाकीचा मेसेज त्याच्याच जिवावर चालतो. आज गालावर दिसणारी पुळी आज सुरू झालेली नसते. केसाच्या मुळाशी तैलग्रंथी असते. तिचं तेल ज्या नळीतून वर येतं, त्या नळीच्या अस्तराच्या मृत पेशी गळून पडण्याऐवजी चिकटून बसतात आणि बारीकसं बूच तयार होतं. ते डोळ्यांना दिसत नाही. मागे तेल साठतं, त्यात क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हे जिवाणू वाढतात, सूज येते आणि मग आरशात लाल पुळी दिसते. बुचापासून पुळीपर्यंत काही आठवडे जातात, बऱ्याचदा दोन महिन्यांच्या आसपास.

म्हणजे २१व्या दिवशी चेहऱ्यावर जे दिसतं, त्यातलं बरंचसं उपाय सुरू करण्याआधीच आत तयार झालेलं असतं. उपाय आहारातला असो की ट्यूबमधला, ८ ते १२ आठवड्यांच्या आत त्याचा निकाल लागत नाही. उलट एकेकटी पुळी आठ-दहा दिवसांत आपली आपणच बसते, आणि श्रेय त्या आठवड्यात चोळलेल्या लिंबाला मिळतं. असे मेसेज पुढे पाठवले जातात ते यामुळेच.

"रक्तातली घाण, पोटातली उष्णता"

रक्त गाळायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. ती बिघडली तर कावीळ होते, अंगावर सूज येते; हनुवटीवर पुळ्या येत नाहीत. तैलग्रंथीला कामाला लावतात ते अँड्रोजेन गटातले हार्मोन्स, मुलांमध्येही आणि मुलींमध्येही. म्हणून पिंपल्स वयात येताना सुरू होतात आणि अनेकींना पाळीच्या आधीच्या आठवड्यात वाढतात. पाळी अनियमित, हनुवटीवर राठ केस आणि जबड्याच्या कडेने पिंपल्स असं तिन्ही एकत्र असेल, तर जुलाबाचं औषध नको, पीसीओएसची (अंडाशयांशी निगडित हार्मोन्सच्या बिघाडाची) तपासणी हवी. एरंडेल घेऊन पोट रिकामं होतं, नळीतलं बूच जागचं हलत नाही.

"तळलेलं, तिखट, आंबा, चॉकलेट बंद"

आहाराचा पिंपल्सशी काहीच संबंध नाही, असं डॉक्टरही बरीच वर्षं सांगत. ते पूर्ण खरं नव्हतं. मेसेजचं चुकतं ते यादीत.

खाल्लेलं तेल कातडीतून बाहेर येत नाही. मिसळीची तर्री कपाळावर उगवत नाही, आणि तिखटाने घाम आला म्हणून नळी बुजत नाही. ज्याच्याविरुद्ध त्यातल्या त्यात बरा पुरावा आहे ते म्हणजे रक्तातली साखर झपाट्याने वाढवणारं खाणं. साखर चढली की इन्शुलिन वाढतं, त्याच्या मागोमाग आयजीएफ-१ हा वाढीचा घटक वाढतो, आणि या दोघांमुळे तैलग्रंथी जास्त तेल सोडते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत ४३ तरुणांपैकी एका गटाला १२ आठवडे साखर हळू चढवणारा आहार दिला. त्यांच्या पुळ्या दुसऱ्या गटापेक्षा जास्त घटल्या. त्या गटाचं वजनही घटलं होतं, त्यामुळे सगळं श्रेय आहारातल्या बदलालाच देता येत नाही. पण दिशा कळते.

तेव्हा मिसळीतलं काही कमी करायचंच असेल तर तर्री राहू द्या, तिसरा-चौथा पाव कमी करा.

चहाचा हिशेब तर कोणी मांडतच नाही. अमृततुल्यचा चहा गोड असतो, आणि अभ्यासिकेत बसणारा मुलगा दिवसात पाचदा सहज खाली उतरतो. कपाला दोन चमचे साखर, चमचा ४ ग्रॅमचा धरला, तरी पाच कपांत ४० ग्रॅम. वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास ठेवता आली तर उत्तम, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. सोबतचा क्रीमरोल यात धरलेला नाही. मेसेज वाचून भजी सोडायची आणि चहा तसाच चालू ठेवायचा, ही अगदी नेहमीची चूक.

चॉकलेटची गोष्ट जराशी गमतीची आहे. १९६९ साली अमेरिकेत ६५ जणांवर चाचणी झाली. चॉकलेट निर्दोष ठरलं आणि तो निष्कर्ष पुढे अनेक वर्षं सांगितला गेला. पण तुलनेसाठी दिलेल्या दुसऱ्या वडीत कोको नव्हता, साखर आणि स्निग्धांश मात्र जवळपास तेवढेच होते. त्यातून साखरेबद्दल काहीच कळत नाही. शंका असेल तर आधी साखर कमी करून बघा.

आंब्याचं वेगळं आहे. हापूस खाल्ल्यावर ओठांच्या कडेला खाज सुटून पुरळ येत असेल, तर तो बहुतेक वेळा देठाजवळच्या चिकाचा संपर्क-त्वचादाह असतो. पिंपलला सहसा अशी खाज सुटत नाही. आंबा तासभर पाण्यात ठेवा, देठाकडचा भाग कापून चीक धुऊन टाका, आणि चोखून खाण्याऐवजी फोडी करून खा. आमरसात वरून साखर घालून चार वाट्या संपवल्या तर तो पुन्हा साखरेचाच मुद्दा झाला.

मेसेजमध्ये दुधाचं नावही नाही, आणि खरी उणीव ही आहे. दूध पिणाऱ्यांत पिंपल्सचं प्रमाण थोडं जास्त असल्याचं अनेक पाहण्यांत दिसलं, आणि साय काढलेल्या दुधाशी संबंध जास्त ठळक निघाला. म्हणजे दोष स्निग्धांशाचा नसावा. या पाहण्या आहेत, कारण सिद्ध करणाऱ्या चाचण्या नव्हेत. म्हणून सरसकट सगळ्यांचं दूध बंद करणं चूक. पण रोज दोन ग्लास दूध आणि वर आठवड्याला दोन मस्तानी होत असतील, तर १२ आठवडे दूध अर्ध्या कपावर आणून बघण्यात तोटा नाही. तेवढा काळ कॅल्शियमसाठी नाचणी, तीळ, राजगिऱ्याची पालेभाजी ताटात असू द्या. दह्या-ताकाविरुद्ध पुरावा त्याहून कच्चा आहे, ते सोडायची गरज नाही.

"आठवड्याला दोन उपास"

कोणता उपास? ताटात साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि गोड लस्सी असेल, तर आठवड्यातला साखर सर्वांत जास्त चढवणारा दिवस तोच. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८५ ग्रॅमच्या वर पिष्टमय पदार्थ असतात आणि प्रथिनं एक ग्रॅमही नसतात. दाण्याचं कूट आणि दही घातलं की वेग जरा कमी होतो. श्रद्धेने उपास करणाऱ्याने जरूर करावा, पिंपल्ससाठी मात्र करू नये.

"बायोटिन आणि झिंक"

बायोटिनने पिंपल्स जातात याला धड पुरावा नाही. शरीराला दिवसाला ३० ते ४० मायक्रोग्रॅम लागतं. 'केस-त्वचा-नखं' म्हणून मिळणारी गोळी ५ किंवा १० मिलिग्रॅमची असते, म्हणजे साधारण सव्वाशे ते सव्वातीनशे पट. एवढ्या बायोटिनमुळे थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या झटक्यासाठी केल्या जाणाऱ्या ट्रोपोनिनच्या तपासणीचे आकडे चुकीचे येऊ शकतात. गोळी चालू असेल तर रक्त देण्याआधी लॅबमध्ये सांगा.

झिंकचा थोडाफार उपयोग होतो, पण प्रतिजैविकापेक्षा कमीच. चाचण्यांमध्ये साधारण ३० मिलिग्रॅम 'एलिमेंटल' झिंक वापरलं गेलं, आणि घोटाळा याच शब्दापाशी होतो. २०० मिलिग्रॅम झिंक ग्लुकोनेटमध्ये प्रत्यक्ष झिंक असतं जेमतेम ३० मिलिग्रॅम. पाकिटावरचा मोठा आकडा क्षाराचा आहे की झिंकचा, ते वाचा. उपाशीपोटी घेतलं तर मळमळतं. तीन महिन्यांवर मनाने चालू ठेवू नका, शरीरातलं तांबं कमी होतं.

आणि जे पूरक पदार्थ पिंपल्स वाढवतात, त्यांचा मेसेजमध्ये पत्ताच नाही. जिममधली व्हे पावडर दुधाच्या निवळीचीच असते. ती सुरू केल्यावर महिना-दोन महिन्यांत छाती-पाठ भरली असेल, तर १२ आठवडे सोया किंवा मटार प्रथिनावर जाऊन बघा. बी-१२ची इंजेक्शनंही काहींना एकसारख्या बारीक पुळ्या आणतात. शाकाहारी घरांत बी-१२ कमी निघणं नवीन नाही, त्यामुळे इंजेक्शन परस्पर थांबवू नका; मात्रा बदलता येते का ते डॉक्टरांना विचारा.

"पाच वेळा साबणाने धुवा"

दोनदा धुवा, आणि घाम आल्यावर एकदा. साध्या साबणाचा पीएच (आम्लता मोजायचा आकडा; ७च्या खाली आम्ल, वर अल्कली) ९-१०, कातडीचा ५च्या आसपास. पाच वेळा घासल्यावर कातडी ओढली जाते, लाल होते, आणि मग पिंपल्सचं औषध लावलं की आग होते. माणूस दोष औषधाला देतो.

"लिंबू आणि खायचा सोडा"

लिंबाच्या रसाचा पीएच २च्या जवळ, सोड्याच्या पाण्याचा ८च्या वर. एकत्र केल्यावर जो फेस येतो तो कार्बन डायऑक्साइड. 'घाण वर आली' असं काही नसतं. मिश्रण कुठल्या बाजूला झुकेल ते तुमच्या चमच्यावर अवलंबून. त्यातून आपलं कागदी लिंबू आणखी वाईट: त्यातल्या फ्युरोकुमरिन द्रव्यांवर ऊन पडलं की कातडी भाजल्यासारखी होते आणि काळपट डाग उरतो. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर असे डाग महिनोन्महिने रेंगाळतात. पिंपल परवडला.

"केमिकलवाली क्रीमं फेकून द्या"

लिंबातलं सायट्रिक आम्ल हेही केमिकलच. ज्यांचा उपयोग सिद्ध झालाय त्या दोन गोष्टी म्हणजे जिवाणू मारणारं बेन्झॉइल पेरॉक्साइड आणि नळीत बूच होऊ न देणारं ॲडापलीन. दोन्ही डॉक्टरांना विचारून सुरू करा आणि पुढील पद्धत पाळा.

रात्री तोंड धुऊन पुसा आणि दहा मिनिटं थांबा, ओल्या कातडीवर जळजळ जास्त होते. ॲडापलीन ०.१ टक्के जेल, मटाराच्या दाण्याएवढं, संपूर्ण चेहऱ्याला: कपाळ, दोन्ही गाल, हनुवटीवर ठिपके देऊन पसरवा. नुसतं पुळीवर टेकवण्यात अर्थ नाही, कारण पुढची बुचं आजूबाजूला तयार होत असतात. डोळे, ओठांच्या कडा, नाकपुड्यांचे कोपरे सोडा. वरून साधं मॉइश्चरायझर. पहिले दोन आठवडे दर तिसऱ्या रात्री, मग एक दिवसाआड, सोसेल तसं रोज. दोन ते चार आठवड्यांच्या दरम्यान पुळ्या थोड्या वाढल्यासारख्या वाटतात. बहुतेक जण नेमके तिथेच सोडतात. गरोदर असाल किंवा तशी शक्यता असेल तर ॲडापलीन लावू नका.

बेन्झॉइल पेरॉक्साइड २.५ टक्केच घ्या. १० टक्क्यांचं काम फारसं जास्त होत नाही, कातडी मात्र जास्त सोलवटते. ते कापडाचा रंग उडवतं, म्हणून टॉवेल आणि उशीचा अभ्रा पांढरा ठेवा. सकाळी सनस्क्रीन, एसपीएफ ३० किंवा वर, जेल प्रकारातलं, चेहरा-मानेला दोन बोटं भरून.

मेसेजमध्ये नसलेलं

दुचाकीवर स्कार्फ गुंडाळणं ही पुण्याची ओळखच. धुरापासून तो वाचवतो, पण तोच स्कार्फ आठवडाभर न धुता बांधला तर गाल-जबड्यावर घाम, घर्षण आणि जुना सनस्क्रीन रोज घासला जातो. त्यातून येणाऱ्या पुळ्या बरोबर स्कार्फच्या घडीच्या किंवा हेल्मेटच्या पट्ट्याच्या रेषेत असतात. सुती स्कार्फ तीन-चार ठेवा, रोज बदला, डिटर्जंट नीट खळबळून काढा. केसांना खोबरेल लावून झोपणाऱ्यांच्या पुळ्या केसांच्या कडेने कपाळावर दिसतात. तेल केस धुण्याआधी तासभर लावा, रात्रभर नको. आणि पावसाळ्यात कपाळावर-पाठीवर एकसारखे, खाजणारे बारीक दाणे आले तर ते मॅलसेझिया या बुरशीचे असू शकतात. त्यावर प्रतिजैविक घेतलं तर वाढतात.

एक ट्यूब मात्र खरोखर फेकण्याच्या लायकीची: दुकानदाराने किंवा मैत्रिणीने दिलेली, चार दिवसांत चेहरा उजळवणारी. तिच्या मागे बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन लिहिलंय का बघा. ही स्टेरॉइडं आहेत. २०१८पासून ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, तरी मिळतात. महिनोन्महिने लावल्यावर कातडी पातळ होते, शिरा दिसू लागतात आणि नव्याच पुळ्या उठतात. खूप दिवस लावत असाल तर एकदम थांबवल्यावर चेहरा भडकतो, म्हणून आधी त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, आणि जाताना ट्यूबसोबत तिचं खोकंही न्या.