‘बॅकअप यशस्वी’ या अहवालातून काय सिद्ध होते?

आधुनिक डिस्क आपल्या चुका स्वतःच दुरुस्त करतात, त्यावर रेडचे (अनेक डिस्क एकत्र जोडून, एखादी बंद पडली तरी डेटा वाचवणाऱ्या रचनेचे) संरक्षण असते, बॅकअपच्या तीन प्रती असतात आणि रोज ‘यशस्वी’ असा अहवाल येतो. म्हणून डेटा नकळत बिघडण्याची भीती निव्वळ पुस्तकी आहे, असा दावा बराच पसरला आहे. या चारही विधानांत तथ्य आहे, पण त्यांतून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे.

पहिले विधान डिस्कचे. सेक्टरमधले (डिस्कवरच्या छोट्या कप्प्यातले) बिट बदलले तर डिस्कची त्रुटी-दुरुस्ती ते बहुधा ओळखते. परंतु डिस्कने ‘लिहिले’ असे कळवून प्रत्यक्षात लिहिलेच नाही, किंवा योग्य मजकूर भलत्याच जागी लिहिला, तर त्या सेक्टरमधला मजकूर त्याच्यासोबत ठेवलेल्या त्रुटी-दुरुस्तीच्या संकेताशी नीट जुळतो, आणि तो जुना किंवा परका आहे हे डिस्कला समजत नाही. मेमरीत किंवा प्रोसेसरमध्ये आधीच बिघडलेला मजकूर आला, तर डिस्क त्या बिघडलेल्या मजकुराचाच संकेत तयार करून ठेवते. २००८ साली ‘फास्ट’ या डेटा-साठवणुकीवरील परिषदेत मांडलेल्या एका अभ्यासात सुमारे १५.३ लाख डिस्कच्या ४१ महिन्यांच्या नोंदी तपासल्या होत्या आणि चेकसम (मजकुरावरून काढलेली पडताळणीची संख्या) न जुळल्याची चार लाखांहून अधिक उदाहरणे सापडली होती. उच्च श्रेणीच्या डिस्कमध्ये हे प्रमाण बरेच कमी होते, पण शून्य नव्हते. याला पुस्तकी भीती म्हणणे मला बेजबाबदारपणाचे वाटते.

रेडची रचना डिस्क बंद पडण्याचा धोका धरून केलेली आहे. रेड ५ या प्रकारात नेहमीच्या वाचनाच्या वेळी सहसा पॅरिटी (इतर डिस्कवरच्या मजकुरावरून काढलेली जादा माहिती) तपासली जात नाही. तपासली आणि जुळली नाही, तरी कोणता ब्लॉक चुकीचा हे केवळ पॅरिटीवरून ठरवता येत नाही. झेडएफएस ही फाइल-प्रणाली प्रत्येक ब्लॉकचा चेकसम त्या ब्लॉकपासून वेगळा, त्याच्याकडे निर्देश करणाऱ्या वरच्या ब्लॉकमध्ये ठेवते, म्हणून तिला चुकीची प्रत ओळखता येते आणि दुसरी प्रत असल्यास दुरुस्तही करता येते.

तीन प्रतींबद्दल थोडक्यात: मूळ फाइलच बिघडलेली असेल तर तिन्ही प्रती तशाच निघतात, आणि ठरलेली मुदत संपली की शेवटची चांगली प्रतही पुसली जाते. डीडुप्लिकेशन (सारखे तुकडे एकदाच साठवण्याची पद्धत) असेल तर एकच खराब तुकडा अनेक दिवसांचे बॅकअप एकदम निकामी करू शकतो.

राहिला तो अहवाल. त्यात फक्त काम विनातक्रार संपल्याची ग्वाही असते. आरसिंक हे फाइलींच्या प्रती करणारे साधन मूळ वर्तनात फाइलचा आकार आणि बदलाची वेळ एवढेच पाहते. या दोन्ही गोष्टी तशाच राहून बॅकअपमधली प्रत बिघडली, तर ती फाइल रोज वगळली जाईल आणि अहवालही रोज यशस्वीच येईल. रेस्टिक या बॅकअप-साधनाची साधी तपासणी भांडाराची (बॅकअप साठवलेल्या जागेची) रचना पाहते. साठवलेला सगळा मजकूर वाचून पडताळायचा असेल तर तसा वेगळा पर्याय द्यावा लागतो. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसच्या १३व्या आवृत्तीपासून बॅकअप पडताळण्याचे स्वतंत्र साधन मिळते, पण ते वापरले तरी बॅकअप पुन्हा उभारून पाहावा, असे त्याचे अधिकृत दस्तऐवजच सांगतात. बॅकअप घेतल्यानंतर काढलेला चेकसम त्यापुढचा बदल दाखवतो, त्याआधी झालेला नाही. म्हणून चेकसम मूळ ठिकाणी, फाइल तयार होताच काढावा आणि वेगळा जपावा.

सगळा डेटा वारंवार वाचणे खर्चिक आहे, हा आक्षेप मात्र रास्त आहे. त्यासाठी रोज तिसावा हिस्सा वाचला तरी महिन्याभरात पूर्ण फेरी होते. मात्र मूळ डेटाचीही अशीच फेरी हवी, आणि जपलेली सर्वांत जुनी प्रत त्या फेरीच्या मुदतीपेक्षा जुनी व वेगळ्या भांडारात असायला हवी. नाहीतर बिघाड सापडेल तेव्हा दुरुस्तीसाठी चांगली प्रत उरलेली नसेल.