मिरचीचं पान वळलं म्हणजे व्हायरसच, असं नाही

फुलोऱ्यातल्या मिरचीची पानं वळली की ‘व्हायरस आलाय, झाडं उपटा’ असा मेसेज फिरतो. घाई करू नका, आधी पान कुठल्या बाजूला वळलंय ते बघा. कडा वर वळून पान होडीसारखं झालं तर बहुधा फुलकिडे. शेंडा पांढऱ्या कागदावर झटका, पिवळट बारीक किडे पळताना दिसतील. कडा खाली वळल्या, देठ लांबला तर कोळी, म्हणजे जाळं विणणारा नव्हे, पानाचा रस शोषणारा अगदी बारीक जीव (माइट). तो बघायला १० पट भिंग लागतं. कोळी हा कीटक नाही, म्हणून इमिडाक्लोप्रिडसारखं कीटकनाशक मारून पैसे वाया जातात. पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक, लिटरला २ ग्रॅम, पानांच्या खालून, ऊन उतरल्यावर फवारा. निंबोळी तेल मारलं असेल तर दोन आठवडे थांबा, नाहीतर पानं करपतात. शिरा जाड, पानं बारीक, झाड खुजं असेल तर मात्र विषाणू. तो पांढरी माशी पसरवते, अशी झाडं लगेच काढा.